रुग्णालयाच्या काउंटरवर नव्याने रुजू होताना

मुंबई नाका, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर, द्वारका, नाशिक रोड: नाशिकमधली बहुतेक खासगी रुग्णालयं या पट्ट्यांत आहेत. तिथल्या रिसेप्शनवर, भरतीच्या काउंटरवर आणि विमा डेस्कवर बसणारी बरीच मुलंमुली बी.ए., बी.कॉम. करून थेट आलेली असतात. डॉक्टर आणि सिस्टर शिकून येतात. काउंटरवाल्याला दोन-चार दिवस कुणाच्या तरी शेजारी बसवतात आणि मग रजिस्टर त्याच्याच हातात येतं. हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. तुम्ही काउंटरवर लिहिलेला शब्द पुढे औषधाच्या चिठ्ठीवर, ऑपरेशनच्या यादीत, पोलिसांच्या कागदात आणि विमा कंपनीच्या टेबलावर जातो. म्हणून जे आहे तेच लिहायचं, रुग्ण सांगतो तसं लिहायचं आणि सगळ्या कागदांवर एकसारखं लिहायचं. खाली जे काही सांगितलं आहे ते याच एका शिस्तीसाठी आहे.

१. रुजू होण्याआधी हाताशी काय हवं

खिशात मावेल अशी वही. तीत रुग्णालयातले इंटर्कॉम नंबर, ड्यूटीवरच्या आरएमओंचा म्हणजे निवासी डॉक्टरांचा नंबर, जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि रक्तपेढीचा नंबर. रुग्णवाहिकेसाठी १०८, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी १५५३८८, आयुष्मान भारतसाठी १४५५५, विमा नियामकाकडच्या तक्रारीसाठी १५५२५५. मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नंबर बॅटरी संपली की जातात, म्हणून कागदावरही उतरवा.

रुग्णालयाचं दरपत्रक वाचून ठेवा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्ण हक्क सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भिंतीवरची ती पाटी लोकांसाठी जितकी आहे तितकीच तुमच्यासाठी आहे. खोलीभाडं विचारलं की 'बघून सांगतो' म्हणावं लागू नये.

२. शब्द: पाठ करू नका, गटाने शिका

पहिला गट जागांचा. ओपीडी म्हणजे दाखवून घरी जाणारे, आयपीडी म्हणजे भरती झालेले. कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), आयसीयू (अतिदक्षता विभाग), एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), ओटी (ऑपरेशन थिएटर), डे-केअर (त्याच दिवशी घरी जाणारे) ही नावं आठवड्याभरात तोंडात बसतात.

दुसरा गट औषधांच्या वेळांचा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे आत्ताच. इथे एक सापळा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा. मोतीबिंदूच्या कागदावरचा ओडी 'रोज एकदा' असा वाचला गेला तर काय घोटाळा होईल ते सांगायला नको. उजवा-डावा हा शब्द कुठल्याही फॉर्मवर पूर्ण लिहा, आखूड करू नका.

तिसरा गट शस्त्रक्रियांचा. यात शेवट ऐकायचा. 'इक्टमी' म्हणजे भाग काढून टाकणं, 'टॉमी' म्हणजे छेद घेऊन उघडणं, 'ऑस्टमी' म्हणजे शरीराबाहेर तोंड काढणं, 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीतून पाहणं, 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती. लॅपरोस्कोपी आणि लॅपरोटॉमी यांत काही टाके आणि पोटभर चिरा एवढं अंतर आहे, खर्चातही तसंच. अँजिओग्राफी ही तपासणी, अँजिओप्लास्टी हा उपचार. एस्टिमेट देताना ही दोन नावं उलटसुलट झाली की नातेवाइकांशी वाद ठरलेलाच.

चौथा गट आजारांच्या आखूड नावांचा: एचटीएन म्हणजे रक्तदाब, डीएम म्हणजे मधुमेह, आयएचडी हृदयविकार, सीकेडी मूत्रपिंडाचा जुना आजार, सीव्हीए म्हणजे पक्षाघात. यांच्या आधी 'सीओ' असेल तर रुग्णाची तक्रार, 'एचओ' असेल तर पूर्वी होऊन गेलेलं, 'केसीओ' असेल तर आधीपासून माहीत असलेला आजार. हे शेवटचं अक्षरत्रय नीट लक्षात ठेवा, विम्याच्या भागात ते पुन्हा येणार आहे.

आकडे वाचता आले पाहिजेत, उपचार सांगता आले नाहीत तरी चालेल. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ऑक्सिजन ९५ टक्के किंवा वर. वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा साखर ७० च्या खाली दिसली तर रांग सोडून सिस्टरांना हाक मारायची. 'थोडं कमी आहे, बसा' हे वाक्य काउंटरवरून जाता कामा नये.

आणि आता खरी शब्दसंपत्ती, जी छापील यादीत सापडत नाही. नाशकात रुग्ण निफाड, दिंडोरी, सिन्नर, पेठ, सुरगाणा, धुळे, नंदुरबार असा सगळीकडून येतो आणि आपल्या भाषेत बोलतो. 'अंगावरून वारं गेलं' असं कुणी म्हणालं तर तो पक्षाघात आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून नाव-पत्त्याच्याही आधी विचारायचं, 'शेवटचं चांगलं बोलताचालताना किती वाजता पाहिलं?' आणि ती वेळ कागदावर टाकायची. 'झोपेतून उठले तेव्हा असंच होतं' असं उत्तर आलं तर रात्री झोपतानाची वेळ लिहायची. 'फेफरं आलं' म्हणजे झटका. 'छातीवर धोंडा ठेवल्यासारखं', 'घाबरं होतंय, घाम सुटलाय' हे ऐकलं की ईसीजी आधी, केसपेपर नंतर. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा हा प्रमाण नियम आहे. 'अंगावरून जातंय' म्हणणारी बाई लाल म्हणते की पांढरं, हे चारचौघांत विचारू नका, आत नेऊन सिस्टरांना विचारू द्या. पेठ-सुरगाण्याकडच्या वयस्कर माणसांची बोली कळली नाही तर अंदाज बांधू नका. वॉर्डातल्या मावशी-मामांपैकी कुणीतरी त्या भागातलं असतं, त्यांना बोलवा.

३. रुग्ण दारात आल्यावर

तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिटचा विषय पहिल्या वाक्यात काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने जीव वाचवण्याचा उपचार आधी द्यायचा आणि पोलिसी सोपस्कारांसाठी थांबायचं नाही. अपघातग्रस्ताला घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे. त्याला थांबवून ठेवलं तर पुढच्या वेळी तो मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी थांबवणार नाही.

ओळख दोन गोष्टींनी पटवा: पूर्ण नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नोंदणी क्रमांक. 'तुम्ही सुनीता पवार ना?' असं विचारलं की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'काकू, पूर्ण नाव सांगा' असं विचारा. एकाच दिवशी एकाच नावाच्या दोघी वॉर्डात असणं आपल्याकडे नवलाचं नाही. अशा वेळी दोन्ही फायलींवर 'नाव सारखं' अशी ठळक सूचना लावा.

व्हीलचेअर हा काउंटरवाल्याच्याही कामाचा भाग आहे, कारण मामा नेहमी जवळ नसतात. आधी दोन्ही चाकांचे ब्रेक लावा. मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला. त्या खालीच राहिल्या तर रुग्ण त्यांवर पाय देऊन उभा राहतो आणि खुर्ची पुढे उलटते. रुग्ण बसला की पट्ट्या खाली, पाय वर, मग ब्रेक सोडा. उतारावरून किंवा रॅम्पवरून खाली नेताना खुर्ची उलटी, म्हणजे तुम्ही खालच्या बाजूला. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती कमरेच्या खाली लटकवा, मांडीवर देऊ नका. मांडीवर ठेवली की लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्ग होतो. ती जमिनीवरही टेकता कामा नये.

उपाशीपोटी यायचं असेल तर 'काही खाऊ नका' एवढं सांगणं अपुरं आहे. लोक चहा घेऊन येतात, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे अशी समजूत. भूल द्यायची असेल तर सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं आणि दुधाचा कुठलाही पदार्थ, चहा धरून, सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. तळकट, जड जेवणाला याहून जास्त वेळ लागतो. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. मधुमेही रुग्णाने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही याचं उत्तर तुम्ही देऊ नका, फोन डॉक्टरांकडे जोडा.

४. भरतीचे कागद

नाव आधार कार्डावर आहे तसं घ्या आणि लगेच पॉलिसीवरच्या नावाशी ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदललेलं, रेशन कार्डावर जुनं, पॉलिसीवर नवं, हा रोजचा प्रकार. फरक दिसला तर भरतीच्या वेळीच सांगा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. वय 'अंदाजे' लिहू नका.

संमतीपत्राबद्दल तीन नियम. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही घ्यायची नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची सही त्याचीच, मुलाची किंवा नवऱ्याची नाही. आणि समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे, तुम्ही फक्त कागद पुढे करता. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेची संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. गर्भपाताबाबत नवख्यांची हमखास चूक होते: १८ वर्षांवरील मानसिकदृष्ट्या सक्षम स्त्रीची एकटीची संमती कायद्याने पुरेशी आहे. नवऱ्याची सही मागू नका.

एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण. अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, संशयास्पद मृत्यू यांत एमएलसी ठरवणं डॉक्टरांचं काम, पोलीस ठाण्याला कळवल्याची वेळ आणि घेणाऱ्याचा बक्कल नंबर लिहिणं तुमचं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले रुग्ण येतात. औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो मागून घ्या, कारण उतारा औषधाच्या प्रकारावर ठरतो. अंगावरचे कपडे हातमोजे घालूनच वेगळ्या पिशवीत ठेवायचे. सर्पदंशात साप मारून आणायची गरज नाही.

१८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं तर पोक्सो कायद्याखाली कळवणं सक्तीचं आहे. अत्याचारग्रस्तांना प्रथमोपचार आणि उपचार मोफत देणं खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक आहे आणि त्यांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

५. गोपनीयता

नाशिक मोठं झालं तरी ओळखीपाळखीचं आहे. रांगेतल्या तिसऱ्या माणसाचे पाहुणे पहिल्याच्या गावचे निघतात. म्हणून काउंटरवर नाव किंवा टोकन पुकारा, आजार पुकारू नका. 'एचआयव्हीचा रिपोर्ट कुणाचा?' हे वाक्य एका घराची वाट लावू शकतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीला आणि माहिती देण्याला त्या व्यक्तीची संमती लागते. फाइलवर लाल स्टिकर, खाटेवर पाटी असले प्रकार करू नका. खबरदारी सगळ्या रुग्णांबाबत सारखीच घ्यायची असते. मानसिक आजाराची माहितीही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने राखलेली आहे, आणि गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव उघड करणं गुन्हा आहे.

रोजच्या गळत्या साध्या असतात. स्क्रीन रांगेकडे तोंड करून ठेवलेला. फाइल उघडी टाकून चहाला गेलेला माणूस. रिपोर्टचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून डॉक्टरांना पाठवलेला आणि तो फोनमध्ये तसाच राहिलेला. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज अमुक नेते भरती झाले' अशी बातमी. रुग्णालयाचा अधिकृत नंबर किंवा प्रणाली असेल तिथूनच पाठवा. दुसरा मार्गच नसेल तर नाव झाकून पाठवा आणि लगेच काढून टाका.

फोनवर विचारणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: 'दादा, रुग्णाबद्दलची माहिती आम्ही फोनवर देत नाही, त्यांच्या नातेवाइकांशी बोला.' कंपनीचे एचआर असोत, पत्रकार असोत, नगरसेवकांचा कार्यकर्ता असो वा स्वतःला चुलतभाऊ म्हणवणारा असो, वाक्य तेच. आवाज चढला तर व्यवस्थापकांकडे जोडा. पोलिसांना माहिती द्यायची ती लेखी मागणीवर आणि डॉक्टरांच्या परवानगीने.

रुग्णाला स्वतःचे कागद मागण्याचा मात्र पूर्ण हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते आणि भरती रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्ज लेखी घ्या, त्यावर तारीख-वेळ टाका, पोच द्या.

जाता जाता: आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. आभा हा १४ अंकी क्रमांक आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. लोक आभाचं कार्ड दाखवून 'पाच लाखांचं आहे' म्हणतात. त्यांना शांतपणे फरक सांगा.

६. विमा: सगळ्यात जास्त इथे अडतं

आधी कोणता पैसा ते ओळखा. खासगी पॉलिसी, कंपनीची सामूहिक पॉलिसी, जनआरोग्य योजना, कामगारांचा राज्य विमा म्हणजे ईएसआय, माजी सैनिकांची ईसीएचएस, पोलीस कुटुंब आरोग्य योजना. प्रत्येकाची वाट वेगळी. सातपूर-अंबडच्या कामगाराला ईएसआय असतं, म्हणजे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. त्याला तुमच्याकडे कॅशलेस, म्हणजे स्वतः पैसे न भरता उपचार, हवा असेल तर रुग्णालय ईएसआयशी जोडलेलं हवं आणि ईएसआयचं रेफरल पत्र हवं. देवळालीमुळे ईसीएचएसचे रुग्णही बरेच येतात, त्यांना ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकचं म्हणजे दवाखान्याचं रेफरल लागतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सर्व रेशन कार्डधारकांना, पांढऱ्या कार्डासह, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. अशा रुग्णाला आधी आरोग्यमित्रांकडे, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्यांकडे, पाठवा. रेशन कार्ड आणि आधार सोबत हवं. योजनेतल्या उपचारासाठी त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. सापळा हा की रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. 'योजना आहे' असं सांगून रुग्णाला बसवून ठेवण्याआधी विभाग तपासा. नसेल तर जिल्हा रुग्णालय, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज असे रस्ते सांगा.

ट्रस्टच्या रुग्णालयात काम करत असाल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नमर्यादा वार्षिक १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रस्ते अपघातासाठी केंद्राची २०२५ ची योजना आहे: नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार.

आता खासगी पॉलिसी. कॅशलेससाठी लागणारे कागद: पॉलिसी किंवा ई-कार्ड, रुग्णाचं आणि पॉलिसीधारकाचं आधार व पॅन, भरतीचा सल्ला दिलेली चिठ्ठी, आधीचे सगळे रिपोर्ट, खर्चाचा अंदाज, अपघात असेल तर एमएलसीची प्रत. ठरवून होणारी भरती असेल तर ४८ तास आधी कळवा, तातडीची असेल तर भरतीनंतर २४ तासांत.

पूर्वपरवानगीच्या, म्हणजे विमा कंपनीकडे कॅशलेस मागायच्या, फॉर्मचा एक भाग डॉक्टरांचा असतो आणि डॉक्टर घाईत असतात. तिथे हे तीन रकाने रिकामे राहू देऊ नका: तक्रार किती दिवसांची, निदान काय, उपचार कोणता. नुसतं 'ऑब्झर्व्हेशन' किंवा 'तपासणीसाठी' लिहिलं तर विमा कंपनीची शंका येणारच, कारण केवळ तपासणीसाठीची भरती पॉलिसीत बसत नाही. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, ऑक्सिजन लागतोय, तोंडाने काही टिकत नाही, असं खरोखर असेल तर ते तसं फॉर्मवर यायला हवं.

मघाचं 'केसीओ' इथे कळीचं ठरतं. घाईत कुणीतरी लिहितं, 'केसीओ डीएम, १० वर्षं'. नातेवाईक म्हणाले होते 'झाली असतील आठ-दहा महिने, नक्की आठवत नाही'. कागदावर दहा वर्षं गेलं की पॉलिसी घेण्याआधीचा आजार लपवला असा अर्थ निघतो आणि दावा अडकतो. म्हणून इतिहास लिहून झाला की रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला वाचून दाखवा. तफावत असेल तर डॉक्टरांनी लगेच, तारीख-वेळेसह, सहीनिशी दुरुस्त करायचं. नंतर खाडाखोड करून नाही. आणि उलट बाजूही तितकीच खरी: आजार जुना असेल तर तो नवा दाखवायला कुणी सांगितलं, अगदी ओळखीच्या माणसाने हात जोडले, तरी नाही म्हणायचं. खोटी नोंद पकडली गेली तर दावा जातो, पॉलिसी जाते आणि रुग्णालयही काळ्या यादीत जातं.

प्रतीक्षाकाळ असे सांगा: पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षं, आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही.

खोलीभाड्याचा हिशेब भरतीच्या वेळीच करून दाखवा. समजा विमा ५ लाखांचा आणि मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. रुग्णाने ८,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिला. बिल असं:

- खोली ३२,०००
- सर्जन, ओटी, डॉक्टरांच्या भेटी, नर्सिंग ८०,०००
- औषधं ३०,०००
- तपासण्या १८,०००

लोकांना वाटतं, रोजचे तीन हजार म्हणजे १२,००० खिशातून जातील. प्रत्यक्षात खोलीशी जोडलेल्या ८०,००० पैकीही पाच-अष्टमांशच धरले जातात आणि ५०,००० च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. तरी रुग्णाचा वाटा १२,००० चा ४२,००० होतो, शिवाय हातमोजे, नोंदणी फी असे न मिळणारे पैसे वेगळे. हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर मांडून दाखवायला पाच मिनिटं लागतात. खोली निवडायच्या आधी दाखवा.

को-पे म्हणजे प्रत्येक दाव्यातला रुग्णाचा ठरलेला टक्का, डिडक्टिबल म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, सब-लिमिट म्हणजे एखाद्या आजारापुरती मर्यादा. हे पॉलिसीच्या माहितीपत्रकात सापडतं.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय यायला हवा. तीन तासांपुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीने सोसायची. मात्र अर्धवट फाइल पाठवली की शंका निघते आणि वेळ आपल्याकडेच जातो. पहिली मंजुरी ही अंतिम रक्कम नसते, हे नातेवाइकांना सांगून ठेवा. उपचार बदलला, दिवस वाढले, अँजिओग्राफीची अँजिओप्लास्टी झाली, तर वाढीव मंजुरी त्याच दिवशी मागा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे आधी, तिथे महिन्याभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपालाकडे. नाशिकसाठी कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, मुदत कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्ष.

७. डिस्चार्जचा दिवस आदल्या दिवशी सुरू होतो

डॉक्टर सकाळी दहाला 'घरी जाऊ शकता' म्हणतात आणि माणूस संध्याकाळी सहालाही बाकावरच बसलेला असतो. हे टाळायचं तर आदल्या संध्याकाळीच तात्पुरतं बिल काढा, उरलेले रिपोर्ट गोळा करा, न वापरलेली औषधं फार्मसीत परत करा, इम्प्लांटचं स्टिकर आणि बिल फाइलला लावा. सकाळी फक्त डिस्चार्ज समरी राहिली पाहिजे. समरीतलं निदान आणि पूर्वपरवानगीतलं निदान वेगळं असेल तर का बदललं याची एक ओळ डॉक्टरांकडून घ्या.

रुग्ण सल्ल्याविरुद्ध जात असेल तर डामाच्या फॉर्मवर सही घेतात. तरी तपासण्यांचे रिपोर्ट आणि समरी द्यायचीच. अशा डिस्चार्जमुळे विमा दाव्यात प्रश्न येऊ शकतात हेही सांगा.

मृत्यू झाला असेल तर बिल बाकी आहे म्हणून पार्थिव अडवता येत नाही. नियमच तसा आहे. विमा असेल तर अंतिम मंजुरीचा अर्ज ताबडतोब पाठवा आणि कंपनीला फोन करून मृत्यूचं सांगा. अशा फाइलवर लगेच निर्णय देऊन पार्थिव सोडवून द्यायची जबाबदारी विमा कंपनीवरही आहे. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, एमएलसी असल्यास पोलिसांचा पंचनामा, शववाहिका या तीन गोष्टी एकाच माणसाने पाहाव्यात. नातेवाइकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवू नका. तुम्हीच उठून त्यांच्याकडे जा.

८. पाळी सोपवताना

तोंडी सांगितलेलं निम्मं हरवतं. रजिस्टरमध्ये लिहा: कोणत्या पूर्वपरवानग्या अडकल्या आहेत आणि शेवटची शंका किती वाजता आली, कोणत्या एमएलसीची खबर पोलिसांना गेली, कोणती जायची आहे, कुणाच्या नोंदींच्या प्रतीचे ७२ तास कधी संपतात, सारख्या नावाचे रुग्ण कोणत्या खाटांवर आहेत, उद्या सकाळी उपाशीपोटी कोण आहे आणि त्याला चहाबद्दल सांगितलं का. खाली दोघांची सही, वेळ टाकून.